ऑटो-रिन्यू चालू असूनही डोमेनची मुदत पुन्हा पुन्हा संपते, तेव्हा काय तपासावे

देवगडच्या एका आंबा बागायतदार कुटुंबाच्या संकेतस्थळाची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, हापूसच्या पेट्यांची मागणी ऐन भरात असताना, एका सकाळी त्यांचा फोन आला. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला संकेतस्थळ उघडल्यावर आंब्यांऐवजी कसल्याशा जाहिराती दिसत होत्या. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर मात्र सगळे नीट उघडत होते. दुपारपर्यंत तेही बंद झाले आणि ऑर्डरचे ईमेल येणे थांबले. होस्टिंगचे, म्हणजे सर्व्हरवरच्या जागेचे, पैसे दोनच महिन्यांपूर्वी भरलेले होते, सर्व्हर चालू होता, फाइली जागच्या जागी होत्या. संपली होती ती डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, मुदत, आणि तीही सलग दुसऱ्या वर्षी. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात ऑटो-रिन्यूचे (आपोआप नूतनीकरणाचे) बटण दोन्ही वर्षे चालूच होते.

पहिल्या वर्षी आम्ही घाईघाईने पैसे भरले, संकेतस्थळ सुरू झाले आणि विषय तिथेच सोडला. नजरचुकीने राहून गेले, असे तेव्हा मी धरून चाललो, आणि तीच माझी चूक होती. एखाद्या वेळी मुदत संपणे ही नजरचूक असू शकते. बटण चालू असताना ती दुसऱ्यांदा संपते, तेव्हा पैसे, ईमेल किंवा मालकी यांपैकी एखादा दुवा तुटलेला असतो आणि तो सापडेपर्यंत दरवर्षी त्याच तारखेला तेच घडत राहते.

मुदत नक्की कशाची संपली आहे?

छोट्या व्यवसायांत डोमेन, होस्टिंग आणि एसएसएल प्रमाणपत्र या तिन्हींना मिळून ‘वेबसाइटचे पैसे’ म्हटले जाते, आणि गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या असतात आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या असतात. होस्टिंग संपले असेल तर खाते स्थगित केल्याची सूचना किंवा सर्व्हरची त्रुटी दिसते. प्रमाणपत्र संपले असेल तर ब्राउझर ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. डोमेन संपले असेल तर एक तर रजिस्ट्रारचे जाहिरातींचे पान उघडते किंवा पत्ताच सापडत नाही. ईमेलची सेवा होस्टिंगहून वेगळ्या कंपनीकडे असूनही संकेतस्थळ आणि ईमेल एकाच दिवशी बंद पडले असतील, तर संशय सर्वात आधी डोमेनवर घ्यावा.

एका फोनवर उघडते आणि दुसऱ्यावर उघडत नाही, या प्रकाराने माणसे फार गोंधळतात. डॉट कॉमच्या यादीतली नेमसर्व्हरची, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची, नोंद इंटरनेट पुरवठादारांचे सर्व्हर दोन दिवसांपर्यंत साठवून ठेवू शकतात. त्यामुळे ज्याच्या पुरवठादाराकडे जुनी नोंद शिल्लक असते त्याला जुने संकेतस्थळ दिसत राहते. मालकाला स्वतःच्या दुकानात बसून सगळे ठीक दिसते आणि गिऱ्हाईक मात्र जाहिराती पाहत असते. म्हणून अशी तक्रार आल्यावर ‘माझ्याकडे तर चालते आहे’ असे उत्तर देऊ नये.

खात्री करण्यासाठी डोमेनची सार्वजनिक नोंद पाहावी. डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या नावांसाठी आयकॅन या जागतिक संस्थेचे लुकअप पान आहे. डॉट इनची रजिस्ट्री, म्हणजे त्या नावांची मूळ यादी, निक्सी ही संस्था चालवते आणि तिच्याकडेही अशी सोय आहे. जुन्या लेखांत या तपासणीला ‘हूइज’ म्हटलेले आढळेल. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्याची जागा अधिकृतपणे आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे, पण आपल्याला हवी ती माहिती तीच आहे.

ही नोंद वाचताना एक मोठी फसगत होते. पहिल्या वर्षी माझीही झाली होती. मुदत संपताच डॉट कॉमची रजिस्ट्री स्वतःहून एक वर्ष पुढे सरकवते, म्हणजे रजिस्ट्रारने पैसे भरले असे तात्पुरते गृहीत धरते. त्यामुळे नोंदीत रजिस्ट्रीच्या मुदतीची तारीख पुढच्या वर्षाची दिसते आणि पाहणारा निर्धास्त होतो. प्रत्यक्षात आपल्याकडून पैसे आलेले नसतील, तर रजिस्ट्रार ते नाव ४५ दिवसांच्या आत परत सोडून देऊ शकतो. अशा वेळी त्याच नोंदीतली ‘ऑटो रिन्यू पिरियड’ ही स्थिती आणि रजिस्ट्रारने दाखवलेली स्वतंत्र तारीख पाहावी. दोन तारखांत एक वर्षाचा फरक असेल, तर नूतनीकरण झालेले नाही असेच समजावे. नोंदीतली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. शेवटच्या रात्री पैसे भरणाऱ्यांनी तेवढा हिशेब करावा.

‘क्लायंट होल्ड’ (रजिस्ट्रारने नाव रोखून धरले आहे) अशी स्थिती दिसली, तर मुदत संपलेली नसण्याचीही शक्यता आहे. नवीन नोंदणी झाल्यावर किंवा मालकाचा संपर्क बदलल्यावर रजिस्ट्रार पडताळणीचा ईमेल पाठवतो. त्यातल्या दुव्यावर १५ दिवसांत होकार दिला नाही, तर नाव स्थगित होऊ शकते. वरवर लक्षणे अगदी तीच दिसतात, पण इथे पैसे भरून उपयोग नसतो. तो ईमेल शोधून पडताळणी पूर्ण करावी लागते.

हातात किती दिवस आहेत?

मुदत संपली म्हणजे नाव लगेच गेले असे नसते. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत वर सांगितलेला ४५ दिवसांपर्यंतचा काळ पहिला. त्यानंतर रजिस्ट्रारने नाव सोडले की ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन पिरियड’ सुरू होतो. या काळात नाव फक्त जुन्या मालकालाच परत मिळू शकते, पण नेहमीच्या शुल्कावर त्याच्या कित्येक पट दंडासारखी रक्कम द्यावी लागते. शेवटचे पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे असतात. त्यांत कोणालाच काही करता येत नाही, आणि ते संपले की नाव जगातल्या कोणालाही घेण्यासाठी मोकळे होते.

कागदावर हे ८० दिवस होतात आणि म्हणूनच लोक ढिले राहतात. प्रत्यक्षात त्यावर विसंबू नये. पहिल्या ४५ दिवसांतला किती काळ ग्राहकाला द्यायचा हे रजिस्ट्रार ठरवतो. अनेक रजिस्ट्रार मुदत संपल्यावर साधारण महिनाभरातच ते नाव लिलावात ठेवतात आणि तिथे ते विकले गेले तर रिडेम्प्शनचा टप्पा येतच नाही. आपल्या रजिस्ट्रारचे नियम त्याच्या करारात लिहिलेले असतात. ते एकदा शांतपणे वाचून तारखा टिपून ठेवाव्यात.

संकेतस्थळ बंद पडते तेही योगायोगाने नाही. मुदत संपलेली नावे खोडण्याआधी काही दिवस त्यांवरून संकेतस्थळाकडे जाणारी वाट मुद्दाम तोडावी, असे आयकॅनचे २०१३ पासून लागू असलेले धोरण सांगते. ईमेलकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाच्याही हे लक्षात यावे, हा त्यामागचा हेतू आहे. याच धोरणानुसार रजिस्ट्रारने मुदतीच्या सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा आधी, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एकदा, अशा सूचना पाठवायच्या असतात. आमच्या बाबतीतही त्या तिन्ही सूचना गेल्या होत्या. त्या कुठे गेल्या, ते पुढे येईलच.

बंद पडल्याच्या दिवशी

पहिले काम पैसे भरणे. बाकीची चौकशी नंतर करावी. इथे सर्वात वाईट अडचण येते ती खात्यात शिरण्याची. रजिस्ट्रारच्या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडताच तो ईमेलही बंद पडतो. मग पासवर्ड बदलण्याचा दुवा येत नाही, ओटीपी येत नाही, आणि कुलपाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखे होते. अशा वेळी रजिस्ट्रारच्या मदत विभागाला फोन करावा. जुनी बिले, पैसे भरल्याचा पुरावा आणि मालकाचे ओळखपत्र हाताशी ठेवावे. काही रजिस्ट्रार खात्यात न शिरताही, कोणाकडूनही, नूतनीकरणाचे पैसे घेतात. तशी सोय आहे का, हे आधी विचारावे, कारण पैसे जमा झाले की ईमेल सुरू होतो आणि मग खातेही उघडते.

ही सोय किती मोलाची आहे हे मोठ्या कंपन्यांनीही अनुभवले आहे. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचे पासपोर्ट डॉट कॉम हे नाव संपले आणि हॉटमेलच्या अनेक वापरकर्त्यांना आत शिरता येईना. तेव्हा कंपनीशी काहीही संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. २०१७ च्या जुलैमध्ये मार्केटो या विपणन सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्य डोमेन, आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था असूनही, संपले. तेही एका ग्राहकानेच पैसे भरून वाचवले.

पैसे भरल्यानंतर नेमसर्व्हर तपासावेत. काही रजिस्ट्रार मुदत संपल्यावर स्वतःचे नेमसर्व्हर लावतात आणि नूतनीकरण झाले तरी जुने परत लागले आहेत की नाही हे आपणच पाहावे लागते. डीएनएसच्या, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या, नोंदी रजिस्ट्रारकडेच असतील, तर ईमेलच्या एमएक्स नोंदी आणि सत्यतेसाठी ठेवलेल्या टीएक्सटी नोंदी शाबूत आहेत का, हेही पाहावे. त्या उडाल्या असतील तर संकेतस्थळ उघडते, पण ऑर्डरचे ईमेल एक तर येत नाहीत किंवा गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातात. मोफत एसएसएल प्रमाणपत्रे थोड्या मुदतीची असतात. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे ९० दिवसांची राहिली आहेत. प्रमाणपत्र बदलण्याची वेळ नेमकी बंद काळात आली असेल, तर ते हाताने नव्याने घ्यावे लागते. त्यानंतर सगळीकडे नीट दिसायला दोन दिवसही लागू शकतात. तोवर गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवरून आणि फोनवरून कळवत राहावे. बंद असताना आलेले काही ईमेल पाठवणाऱ्याकडे परत गेलेले असतात आणि ते पुन्हा आपोआप येत नाहीत. देवगडच्या कुटुंबाने त्या दोन दिवसांतल्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले होते.

दुवा तुटतो कुठे?

आमच्या प्रकरणात पहिला तुटलेला दुवा कार्डाचा निघाला. भारतातल्या व्यावसायिकांसाठी हेच कारण सर्वात व्यापक आहे, असे मला अनुभवाने वाटते. अनेकांनी डोमेन परदेशी रजिस्ट्रारकडे घेतलेले असते आणि कार्ड एकदा साठवले की काम झाले, असे ते समजतात. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे नियम तीन ठिकाणी बदलले आहेत. २०२० पासून नव्या किंवा बदलून आलेल्या कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू केल्याशिवाय होत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर, ठरावीक काळाने होणाऱ्या वसुलीसाठी आधी ग्राहकाच्या पडताळणीसह ई-मँडेट, म्हणजे त्या वसुलीची आगाऊ परवानगी, नोंदवावे लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना यावी लागते. ओटीपीशिवाय होणाऱ्या अशा वसुलीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये झाली. डोमेनचे वार्षिक शुल्क या मर्यादेच्या खूप आत असते, त्यामुळे अडचण रकमेची नसते. परदेशी रजिस्ट्रारने असे मँडेट नोंदवलेलेच नसेल, तर बँक ती वसुली नाकारते. तिसरा बदल कार्ड साठवण्याचा आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या व्यापाऱ्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक जपून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या क्रमांकाऐवजीचा संकेतांक, ठेवावे लागते. जुने कार्ड बदलून नवे आले की अनेकदा ते टोकनही निरुपयोगी होते.

हे नियम ग्राहकाच्या संरक्षणासाठी आहेत आणि ते हवेच आहेत. पण त्यांचा परिणाम असा होतो की रजिस्ट्रारच्या पडद्यावर ऑटो-रिन्यू ‘चालू’ दिसते, वसुलीचा प्रयत्न होतो, बँक तो नाकारते आणि तशी सूचना देणारा ईमेल कोणी वाचत नाही. त्या बटणाचा अर्थ ‘रजिस्ट्रार प्रयत्न करील’ एवढाच घ्यावा, ‘पैसे जातील’ असा घेऊ नये. उपाय साधा आहे. मुदतीच्या ६० दिवस आधी स्वतः खात्यात जाऊन, ओटीपी देऊन किंवा रजिस्ट्रार यूपीआय घेत असेल तर त्यावरून, पैसे भरून टाकावेत. लवकर भरल्याने उरलेले दिवस बुडत नाहीत. नवे वर्ष जुन्या मुदतीच्या पुढे जोडले जाते.

दुसरा दुवा ईमेलचा. त्या तिन्ही सूचना, जे आता धंद्यात नाहीत अशा जुन्या वेब डिझायनरच्या पत्त्यावर जात होत्या. डोमेनच्या नोंदीत मालक, प्रशासकीय संपर्क आणि तांत्रिक संपर्क हे वेगवेगळे असू शकतात आणि रजिस्ट्रारच्या खात्याचा ईमेल आणखी वेगळा असू शकतो. हे सगळे पत्ते एकेक करून पाहावेत. किमान एक पत्ता असा असावा की जो त्या डोमेनवर अवलंबून नाही, जो घरातली किंवा कार्यालयातली दोन माणसे रोज उघडतात, आणि ज्याचा फोन क्रमांकही चालू आहे.

नूतनीकरणाच्या नावाने येणारा प्रत्येक ईमेल मात्र खरा नसतो. डोमेनची तारीख सार्वजनिक असल्यामुळे ती पाहून खोट्या बिलांचे ईमेल पाठवणारे बरेच आहेत. डॉट इनच्या नोंदीत मालकाची माहिती झाकणारी सेवा वापरता येत नाही, तिथे तर अधिकच सावध असावे. ईमेलमधल्या दुव्यावर कधीच पैसे भरू नयेत. रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः ब्राउझरमध्ये टाइप करून खात्यात जावे आणि बाकी असलेली रक्कम तिथेच पाहावी.

तिसरा दुवा मालकीचा आहे आणि तो सर्वात अवघड आहे. गावोगावच्या कित्येक व्यवसायांची नावे संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने आणि त्याच्याच खात्यात नोंदलेली असतात. यात दरवेळी लबाडी नसते. त्याने दहा गिऱ्हाइकांची नावे सोयीसाठी एकाच खात्यात घेतलेली असतात. पण तो माणूस धंदा सोडतो, आजारी पडतो किंवा त्याच्याशी व्यवहार बिघडतो, तेव्हा रजिस्ट्रारच्या दृष्टीने मालक तोच असतो. मुदतीला सहा महिने असतानाच गोडीने बोलून मालकाचे नाव व्यवसायाच्या नावे करून घ्यावे, किंवा ट्रान्सफर कोड (नाव हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेतांक) घेऊन नाव स्वतःच्या खात्यात आणावे. मालकाची नोंद बदलल्यावर काही रजिस्ट्रार ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ देत नाहीत, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नये.

आम्ही काय बदलले?

कुटुंबाच्या नावे नवीन खाते काढले, नाव तिथे आणले आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरले. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत भरता येतात. मुदतीचा महिना एप्रिलच राहिला, कारण नूतनीकरण पूर्ण वर्षांनीच होते आणि तारीख सरकत नाही. म्हणून बागायतदार, त्यांची मुलगी आणि मी अशा तिघांच्या फोनवर दर फेब्रुवारीत वाजणारी आठवण लावली आहे. मोहोर धरलेला असतो, आंबा यायला अवकाश असतो, तेव्हा दहा मिनिटे मिळतात. त्या दिवशी मुदतीची तारीख, कार्ड आणि ईमेल या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात, पैसे भरायचे नसले तरीही. बहुवार्षिक नूतनीकरणाचा एक धोका असा की पाच वर्षांनी कोणाला काही आठवतच नाही, म्हणून ही वार्षिक पाहणी मी अजिबात सोडत नाही.

एवढ्याशा रकमेसाठी इतकी काळजी कशाला, असे मला कधी कधी विचारले जाते. अमेरिकेत बहिऱ्या व्यक्तींना चित्रफोनवरून संभाषणाची सेवा देणाऱ्या सोरेन्सन कम्युनिकेशन्सने २०१६ च्या जूनमध्ये एका डोमेनचे नूतनीकरण केले नाही आणि सेवा बंद पडली. त्या काळात अनेकांना आणीबाणीचा क्रमांकही त्या मार्गाने लावता आला नाही. पुढे तिथल्या दूरसंचार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने सुमारे २७ लाख डॉलर परत केले आणि २ लाख ५२ हजार डॉलर दंड भरला. आपल्याकडचा बागायतदार एवढा मोठा नसतो, पण त्याचा वर्षाचा धंदा दोन महिन्यांत होतो आणि त्यातले दोन दिवस त्याला परत मिळत नाहीत.

नाव गेलेच असेल तर

‘पेंडिंग डिलीट’ संपून नाव दुसऱ्याने घेतले असेल, तर पहिला विचार ते परत मिळवण्याचा येतो. डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा तक्रारीच्या पद्धती आहेत. पण समोरच्याने ते वाईट हेतूने घेतले हे दाखवावे लागते, आणि आपणच ते सोडले होते ही गोष्ट आपल्या विरुद्ध जाऊ शकते. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे म्हटले. त्यामुळे नाव प्रस्थापित असेल आणि बिले, जाहिराती, जुना पत्रव्यवहार जपलेला असेल, तर वकिलाचा सल्ला घेणे योग्य ठरते.

त्याआधी, त्याच दिवशी करायचे काम वेगळे आहे. ज्याच्या हाती नाव गेले त्याला त्या नावावरचा कोणताही ईमेल पत्ता पुन्हा उघडता येतो आणि आपल्याला येणारे ईमेल वाचता येतात. म्हणून बँक, जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, पेमेंट गेटवे, गूगलवरचे व्यवसायाचे पान आणि समाजमाध्यमांवरची खाती अशा सगळ्या ठिकाणी दिलेला त्या डोमेनचा ईमेल ताबडतोब बदलावा. व्यवसायाने स्वतःहून नवे नाव घेतले असेल तेव्हाही हेच लागू पडते. जुने नाव लगेच सोडू नये. ते आणखी काही वर्षे भरत राहून नव्या पत्त्याकडे वळवावे आणि त्यावर येणारे ईमेल नव्या पेटीत येऊ द्यावेत. त्या पेटीत सलग वर्षभर जाहिरातींशिवाय काहीच आले नाही, तरच जुन्या नावाचे नूतनीकरण थांबवावे.